केसपेपर एक, दुखणी दोन

छातीच्या रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला वस्तीत पहिला प्रश्न विचारला जातो, "थुंकीचा रिपोर्ट काय आला?" दुसरा प्रश्न, "वजन वाढले का?" आणि तिसरा, "गोळ्या अजून किती महिने?" तिन्ही प्रश्न योग्य आहेत. परंतु "रात्री झोप लागते का? मनात काय चालले आहे?" हा चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही. घरचे विचारीत नाहीत, शेजारी विचारीत नाहीत आणि ओपीडीची रांग उरकणाऱ्या डॉक्टरलाही तेवढी सवड नसते. आज आम्हाला वाचक बंधू-भगिनींशी या चौथ्या प्रश्नाबद्दलच बोलायचे आहे. कारण तो न विचारल्यामुळे गोळ्या अर्ध्यावर सुटतात, आणि गोळ्या सुटल्या की कमावते माणूस हातचे जाते.

टी.बी., दमा, धाप हे शरीराचे आजार आहेत, हे आपण आता मानतो. मनाचा आजार म्हटले की मात्र आपण दचकतो. "आम्ही काय वेडे आहोत काय?" असे म्हणून विषय संपवतो. छातीचे रुग्णालय वेगळे, मनाचे रुग्णालय वेगळे, केसपेपर वेगळा, डॉक्टर वेगळा. पण रोगी एकच असतो. त्याच्या छातीत जे होते ते मनाला लागते आणि मनात जे होते ते श्वासाला लागते. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. जगभरच्या रुग्णालयांत खाटेवरच्या रोग्यांना विचारून, मोजून, लिहून ठेवलेली ही गोष्ट आहे.

२०२० साली टी.बी. आणि नैराश्य या विषयावरील २५ अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. त्यात सात देशांतील ४,९०३ रोगी होते. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के रोग्यांमध्ये नैराश्य आढळले. ज्यांचा टी.बी. नेहमीच्या मुख्य औषधांना दाद देत नाही, म्हणजे ज्याला एमडीआर टी.बी. म्हणतात, अशा रोग्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. दोन खाटांमागे एक खाट असा हा हिशेब झाला.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. टक्केवारी दिसली की ती कशी काढली हे आधी विचारतो. येथेही ते विचारले पाहिजे. भूक मरणे, थकवा, झोप न लागणे ही नैराश्याची लक्षणे, आणि टी.बी.चीही तीच लक्षणे. मग कोणते कोणाचे हे कसे ठरवायचे? या अडचणीवर इंग्लंडमधील झिगमंड आणि स्नेथ या डॉक्टरांनी १९८३ साली रुग्णालयातील रोग्यांसाठी १४ प्रश्नांचा एक कागद तयार केला. सात प्रश्न धास्तीचे आणि सात उदासीचे. शरीराच्या दुखण्यामुळेही होऊ शकतील अशी लक्षणे त्यांनी मुद्दाम वगळली. तरीही कागदावरचे प्रश्न म्हणजे फक्त चाळणी. चाळणीत जो अडकला त्याला मनोविकारतज्ज्ञाने तपासल्यावरच आजार ठरतो. म्हणून ४५ हा आकडा काहीसा मागेपुढे होईल. पण तो अर्धा धरला तरी आपल्या वस्तीत किती घरे होतात याची बेरीज वाचकांनीच करावी.

आता कारणे पाहू. पहिले कारण आजार स्वतःच. अंगात रोग मुरला की शरीर त्याच्याशी झगडते आणि त्या झगड्याचा परिणाम मेंदूवरही होतो. दुसरे कारण पोटाचे. रोजंदारीचा माणूस दोन महिने घरी बसला की घरभाडे थकते, मुलांची फी राहते आणि रोग्याला आपण घरावर भार झालो असे वाटू लागते. तिसरे कारण आपण स्वतः, आणि त्याबद्दल आम्हाला थोडे स्पष्ट लिहायचे आहे.

रोगी घरी आला की त्याचे ताट वेगळे, पेला वेगळा, चादर वेगळी केली जाते. हे काळजीपोटी होते हे आम्हाला मान्य आहे. पण टी.बी. ताटातून किंवा पेल्यातून पसरत नाही. तो खोकल्यावाटे हवेतून पसरतो. मद्रास येथे १९५६ साली १९३ गरीब रोग्यांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. अर्ध्या रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि अर्ध्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना जादा धोका झाला नव्हता. या एका अभ्यासाने जगातील टी.बी.चे उपचार सॅनेटोरियममधून घरात आणले. तेव्हा खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क धरायला सांगा, घरातल्या लहान मुलांची तपासणी करून घ्या आणि गोळी चुकू देऊ नका. ताट मात्र एकत्रच वाढा. वेगळ्या पेल्याने माणसाच्या मनाला काय होते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

चौथे कारण औषधांचे. त्यामागे एक इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचे टी.बी.चे मोठे रुग्णालय १९१३ साली सुरू झाले. १९२९ च्या सुमारास रोगाच्या भीतीने तेथील गोऱ्या परिचारिका नोकरी सोडून जाऊ लागल्या. तेव्हा शहराने दक्षिणेकडील राज्यांतून काळ्या परिचारिकांना बोलावले. ज्यांना रंगामुळे इतर रुग्णालयांची दारे बंद होती, त्यांनी हे जिवावरचे काम वर्षानुवर्षे केले. १९५२ साली याच रुग्णालयात आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड या नव्या औषधांची चाचणी झाली. मरणाच्या दारातील रोगी उठून बसले, जेवू लागले. इप्रोनियाझिड घेणाऱ्या काही रोग्यांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. छाती पुरती बरी होण्याआधीच त्यांचे मन खुलले होते. वॉर्डात हसणे आणि नाचणे सुरू झाले. रात्रंदिवस खाटेजवळ असणाऱ्या परिचारिकांना हा बदल प्रथम दिसणे साहजिकच होते. पुढे १९५७ साली नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने तेच औषध नैराश्याच्या रोग्यांना देऊन त्याचा गुण दाखवून दिला. यकृताला अपाय होतो म्हणून इप्रोनियाझिड नंतर मागे पडले. पण नैराश्यावर गोळी असू शकते हे जगाला कळले ते मनाच्या रुग्णालयात नव्हे, छातीच्या वॉर्डात.

जे औषध मनाला वर उचलू शकते तसेच दुसरे औषध त्याला खालीही ढकलू शकते. आयसोनियाझिड आजही टी.बी.चे मुख्य औषध आहे. ते बहुतेकांना सोसते, पण क्वचित एखाद्याला त्याने भ्रम होतो. एमडीआर टी.बी.साठी वापरले जाणारे सायक्लोसेरीन याबाबत जास्त जपून देण्याचे औषध आहे. त्याने उदासी, भास, संशय आणि कधी जीव देण्याचे विचारही येऊ शकतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतील एका वॉचमन बांधवाला एमडीआरचे उपचार चालू होते. दुसऱ्या महिन्यात तो बायकोला म्हणू लागला, "शेजारीण माझ्या जेवणात काहीतरी कालवते." रात्रभर दाराशी बसून राहू लागला. गावाकडून आलेल्या नातेवाइकांनी निदान केले, "करणी आहे, भगताकडे न्या." गोळ्या बंद करण्याचेही ठरले. सुदैवाने त्याच्या बायकोने हट्ट धरला आणि आमच्यापैकी दोघांना बरोबर घेऊन ती रुग्णालयात गेली. तिने एकच वाक्य सांगितले, "साहेब, नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून हे असे वागतात." तेवढे पुरले. डॉक्टरांनी एक औषध बदलले, मनाची एक गोळी काही महिने दिली आणि बाकीचे उपचार चालूच ठेवले. तो बांधव बरा झाला व कामावर गेला. शेजारणीशी संबंधही पूर्ववत झाले.

हा काही चमत्कार नव्हे. पेरू देशातील लिमा शहरात एमडीआर टी.बी.च्या ७५ रोग्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. उपचार सुरू होतानाच त्यांतील निम्म्यांहून अधिक रोग्यांना नैराश्य होते. उपचारांच्या काळात १२ टक्के रोग्यांना भास-भ्रमाचा त्रास नव्याने झाला. तरीही मनाच्या आजारावर वेळीच इलाज केल्यामुळे एकाचा अपवाद वगळता सर्वांचे टी.बी.चे उपचार, सायक्लोसेरीनसह, चालू ठेवता आले. म्हणजे मन बिघडले म्हणून छातीची गोळी टाकायची नसते. दोन्ही आजार एकाच वेळी सांभाळता येतात. मात्र ते डॉक्टरला कळले पाहिजे.

भारतात २०२४ साली एमडीआर टी.बी.साठी सहा महिन्यांच्या नव्या उपचारास मंजुरी मिळाली आहे. त्यात सायक्लोसेरीन नाही. तो प्रत्येक रोग्याला लागू होतोच असे नाही, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारावे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या उपचारातील लिनेझोलिड आणि नैराश्यावरील काही गोळ्या एकमेकींशी पटवून घेत नाहीत. टी.बी.चेच दुसरे औषध रिफाम्पिसिन मनाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. म्हणून छातीच्या डॉक्टरला मनाच्या गोळ्या आणि मनाच्या डॉक्टरला छातीच्या गोळ्या दाखवणे अत्यंत आवश्यक आहे. लपवाछपवी येथे महागात पडते.

दम्याच्या रोग्यांनाही हे लागू आहे. दमा उसळला की रुग्णालयात स्टिरॉइडच्या गोळ्या देतात आणि त्या जीव वाचवतात. पण जास्त मात्रेत त्यांनी झोप उडते, माणूस बडबड करतो, चिडतो किंवा रडतो. १९७२ साली अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी रुग्णालयात प्रेडनिसोन घेणाऱ्या ७१८ रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत औषध घेणाऱ्यांत शंभरात एक-दोघांनाच मानसिक त्रास झाला, तर ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत शंभरात १८ जणांना. मात्रा वाढली तसा त्रास वाढला. तेव्हा सासूबाई चार दिवस गोळ्या घेऊन अचानक आरडाओरडा करू लागल्या, तर त्यांना दोष देण्याआधी गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरकडे जावे. गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

आता छातीतील धडधडीविषयी. एका घरकाम करणाऱ्या भगिनीला रात्री अचानक छाती आवळून येते, दरदरून घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात आणि "आता मी मरते" असे वाटते. तीन वेळा रिक्षाने रुग्णालय, तीन वेळा कार्डिओग्राम, तीन वेळा उत्तर एकच, "काही नाही, गॅस आहे." घरी आल्यावर नवरा म्हणतो, "नाटक करते." कार्डिओग्राम चांगला, म्हणजे दुखणे खोटे, असे मात्र नाही. याला पॅनिक म्हणतात. भीतीने श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि त्या मुंग्यांनी भीती आणखी वाढते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील हृदयरोग संस्थेत छातीत दुखते म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या ४४१ रोग्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. चारांपैकी एकाला पॅनिकचा आजार होता. आणि त्या आजारी माणसांपैकी ९८ टक्क्यांचा आजार तेथील तज्ज्ञ डॉक्टरांच्याही लक्षात आला नव्हता. मोठ्या संस्थेत ही गत, तर आपल्याकडच्या गर्दीत काय होत असेल? मात्र त्याच अभ्यासात पॅनिक असलेल्या बऱ्याच जणांना हृदयविकारही होता. म्हणून छातीत दुखले की आधी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. ती चांगली निघाली आणि त्रास पुन्हा पुन्हा होत राहिला, तर "मग मला मनाच्या डॉक्टरकडे पाठवा" असे आपणच म्हणावे. या आजारावर चांगले उपचार आहेत.

विडी ओढणाऱ्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना जी कायमची धाप लागते, तिला सीओपीडी म्हणतात. या आजारात श्वास पुरता बाहेर पडत नाही. भीतीने श्वास जलद झाला की आत अडकलेली हवा वाढते, धाप वाढते आणि भीतीही वाढते. मग माणूस जिना उतरायचे सोडतो, विहारात येणे सोडतो, खाटेवर बसून राहतो आणि खचतो. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, रोज थोडे चालणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचा व्यायाम यांनी धाप आणि उदासी दोन्ही कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला आधीपासून मनाचा मोठा आजार आहे त्याच्या खोकल्याकडे कोणी लक्ष देत नाही. "तो असाच बरळतो" म्हणून तापही दुर्लक्षिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरतात, आणि त्यांतील बरेच मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. अशा माणसाचा खोकला दोन आठवडे टिकला, तर त्याची थुंकी तपासून घेणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट. वर सांगितलेले सारे आकडे हाडामांसाच्या रोग्यांचे आहेत. त्यांत मद्रासच्या झोपड्यांतील मजूर होते, लिमाच्या गरीब वस्त्यांतील माणसे होती. सरकारी रुग्णालयात उद्या आपल्यापुढेही असा कागद येऊ शकतो. तो घाबरून फाडू नये आणि न वाचता अंगठाही लावू नये. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार चाचणीची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि चाचणीमुळे अपाय झाला तर मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. कागदाची एक प्रत मागून घ्यावी. ज्ञान आपल्या अंगावर तयार होत असेल तर त्याचा लाभही आपल्या घरात आला पाहिजे.

तो यावा यासाठी वाचकांनी एवढे करावे. घरात छातीचा रोगी असेल तर दर रविवारी त्याला दोन प्रश्न विचारा. "गेल्या दोन आठवड्यांत मन फार उदास होते का?" आणि "नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का?" उत्तर होकारार्थी असेल तर ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. बोलणे, झोप किंवा वागणे अचानक बदलले, तर कोणत्या गोळीनंतर बदलले याची तारीख वहीत टिपा. "जगून काय करू" असे रोगी म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, गोळ्या आपल्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. टी.बी.च्या रोग्यास उपचार संपेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात जमा होते की नाही हेही पाहा, कारण भरल्या पोटाचे मन लवकर सावरते. खाते उघडणे, अर्ज लिहिणे अशी अडचण असेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलांनी एक रविवार त्यासाठी द्यावा.

डॉक्टर छातीचा फोटो काढू शकतो, मनाचा फोटो अजून निघत नाही. मनातले तोंडाने सांगावे लागते, आणि सांगायला कोणीतरी विचारावे लागते. तेव्हा आज संध्याकाळी कोणाची चौकशी करायला जाल, तर थुंकीचा रिपोर्ट विचारून झाल्यावर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा आणि चौथा प्रश्न विचारा.